अहवालाचं तिसरं पान

तुमच्याच हातचा खरा कागद कुणी खोटं रेटायला वापरला, तर तुम्ही काय कराल? अक्षर माझं नाही म्हणाल, की कागदात खोटं काही नाही म्हणून गप्प बसाल?

उत्तराची घाई करू नका. मी घाई केली होती.

सोलापुरातून पुण्याच्या बाजूला निघालं की नाक्यापासून काही मैलांवर डांबर संपतं आणि चार फर्लांग रस्ता पांढरा होतो. एस.टी.त डोळा लागलेल्या माणसालाही चाकांचा आवाज बदललेला कळतो. मग मध्येच एक दणका बसतो, वरच्या फळीवरचे डबे एकमेकांवर आपटतात, कुणीतरी ड्रायव्हरला शिवी घालतं आणि पुन्हा डांबर लागतं. तो दणका ड्रायव्हरचा नाही. तो कुणाचा, हे मी चार पानांत लिहिलं होतं. त्यातलं एक पान सरकारी फायलीत आहे. उरलेली तीन कुठं आहेत, ते मला आजही माहीत नाही.

आमच्या घरात पत्रकं आधी आली, पाठ्यपुस्तकं नंतर. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. छापखाना विणकरांच्या गल्लीत. भिंतीपलीकडे मागांची खडखड, अलीकडे पायानं चालवायच्या छपाईयंत्राची, ट्रेडलची. गिरणीतला संप असो, रेशनचं धान्य असो, नाहीतर कोरडा नळ असो, पत्रक निघालं की वडील वाया गेलेले चार-सहा कागद घरी आणत. मी अक्षरं त्यांवरच शिकलो. 'धडा' हा शब्द वाचायच्या आधी मला 'धिक्कार' वाचता येत होता.

वडिलांचा एक नियम होता. पत्रक एका कागदाचं, आणि त्या कागदावर सगळं पुरं पाहिजे. ते म्हणत, "मोर्चात वारा असतो. ज्याच्या हातात जो कागद येईल, तो एकटा उभा राहिला पाहिजे. वर विषय, खाली सही. पुढचं पान बघा असं म्हणायची सोय नाही." मी शाळेत निबंध लिहायचो तेव्हासुद्धा प्रत्येक पानाला वेगळा मथळा द्यायचो आणि प्रत्येक पानाखाली नाव घालायचो. मास्तर हसायचे. वडिलांना बरं वाटायचं.

त्यातली जी पत्रकं मला तोंडपाठ होती, ती एका माणसाची होती. तो तेव्हा इंजिनिअरिंगच्या कॉलेजात होता. सुट्टीला गावी आला की छापखान्यात यायचा, खुर्ची असून उभ्यानं लिहायचा, आणि शाई वाळायच्या आत वडिलांपुढे धरायचा. मी त्याला काका म्हणायचो. पुढे काकांना रस्त्याच्या खात्यात नोकरी लागली. पत्रकं थांबली, येणं थांबलं नाही. दर रविवारी छापखान्यात चहा, आणि मला प्रश्न, की नवीन काय वाचलंस. तंत्रनिकेतनातून मी डिप्लोमा होऊन बाहेर पडलो तेव्हा काका खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनीच मला रुंदीकरणाच्या कामावर साहाय्यक म्हणून घेतलं. म्हणाले, "घरी काका, साइटवर साहेब. विसरू नकोस."

एका रविवारी त्यांनी त्या रस्त्याचा नकाशा वडिलांच्या जुळणीच्या टेबलावर पसरला. जुना रस्ता अरुंद होता. दोन ट्रक समोरासमोर आले की एकाला बाजूच्या काळ्या मातीत उतरावं लागायचं आणि पावसाळ्यात तो तिथंच राहायचा. रस्ता दुपटीनं रुंद करायचा आणि त्यातले चार फर्लांग काँक्रीटचे करून बघायचे, असं ठरलं होतं. आराखडा काकांचा होता. खालची काळी माती पावसात किती फुगते, वरून उसाचे ट्रक किती वजनाचे जातात, सगळं त्यांनी हातानं मांडलं होतं.

"डांबर उन्हात पातळ होतं, पावसात उखडतं, आणि दर वर्षी ठेकेदाराच्या घरी नवं बारसं," ते म्हणाले. "काँक्रीट एकदा नीट टाकलं की पुढची कित्येक वर्षं कुणाला त्यात हात घालता येत नाही. हेही पत्रकच आहे, लेका. फक्त आठ इंच जाडीचं."

मी नकाशावरच्या आडव्या रेघा दाखवल्या. त्या बारा होत्या.

"सांधे," ते म्हणाले. "काँक्रीट उन्हात लांबतं. त्याला लांबायला जागा ठेवायची. बारा ठिकाणी आरपार बोटभर फट, वरून डांबर भरायचं म्हणजे माती जात नाही. जागा दिली नाही, तर ते आपली जागा आपण करून घेतं."

वडील हातातला खिळा खाली ठेवून म्हणाले, "तुझं हे वाक्य मला कधीकाळी जुळवल्यासारखं वाटतंय." तिघंही हसलो.

काम दिवाळीनंतर सुरू झालं. काळी माती उकरून मुरूम घातला, खडी अंथरली, रोलर फिरला. सिमेंट परमिटावर मिळायचं. आलं की तांबडं फुटायच्या सुमाराला मिक्सर सुरू, नाहीतर दोन-दोन दिवस नुसती वाट. पहिल्या दिवशी मिक्सरला हळदकुंकू लावून नारळ फोडला. माझं काम मोजायचं आणि लिहायचं. पाणी किती, खडी किती, जाडी किती. लोखंडी साच्यांत काँक्रीटचे ठोकळे भरून ते पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचे, म्हणजे पुढे ते फोडून ताकद कळते.

काँक्रीटला पाणी पाजायचं काम बार्शीकडच्या खेड्यांतून आलेल्या चौदा बायांच्या टोळीकडे होतं. त्यांची पालं रस्त्याकडेलाच होती. ओतलेला भाग घट्ट झाला की त्यावर ओलं गोणपाट, मग मातीचे छोटे बांध घालून वाफे करायचे, आणि त्यांत चौदा दिवस पाणी उभं ठेवायचं. टोळीची म्होरकी पन्नाशीची. सगळे तिला आक्का म्हणत. कामाच्या शिस्तीला ती कुठल्याही मुकादमापेक्षा कडक. वाफ्यात कुणाचं पाऊल पडलं तर म्हणायची, "बाळंतिनीच्या खोलीत असं जातीस व्हय गं?"

मला ती कागदवालं म्हणायची, कारण माझ्या खिशात कायम काहीतरी छापलेलं असायचं. दुपारच्या भाकरीच्या वेळी मी त्या बायांना पत्रकं वाचून दाखवायचो. श्रमाचं मोल, मजुराचा हक्क, जगातले रस्ते कुणाच्या हातांनी झाले. त्या चटणी-भाकरी खात ऐकायच्या. एकदा वाचून संपल्यावर आक्का म्हणाली, "कागदवालं, तुमचं भाषान आईकून काँक्रीट सुदीक घट्ट झालं बगा. आता जरा सरका, पानी घालायचं हाय." बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मला राग आला नाही. मला वाटलं, या बायांना मी जागं करतोय.

पौष महिन्यात कळलं की रस्ता खुला करायला मोठे पाहुणे येणार आहेत आणि तारीख ठरली आहे. त्या तारखेला काम पुरं होणं शक्य नव्हतं. एका सांध्याला दिवस जायचा. फळी काटकोनात उभी करायची, तेल लावलेल्या सळया रेषेत बसवायच्या, नंतर फळी अलगद ओढायची. ठेकेदाराचा माणूस साहेबांशी जीपमध्ये बसून बोलला, आणि दुसऱ्या दिवसापासून सांध्याच्या फळ्या लागायच्या बंद झाल्या. नकाशात बारा सांधे होते. काम दोन्ही टोकांकडून येत होतं, मधले पाच राहिले. रस्त्यावर सात झाले.

मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "हिशोब मी केलाय. थंडीतलं काम आहे, चालून जाईल."

थंडीत टाकलेलं काँक्रीट आखडलेलं असतं आणि उन्हाळ्यात जास्तच लांबतं, म्हणजे थंडीच्या कामाला फट जास्त लागते, कमी नाही. परीक्षेत हा प्रश्न मला आला होता आणि मी तो बरोबर लिहिला होता. साइटवर मी मान हलवली. ज्यांनी मला वाचायला शिकवलं, त्यांचा हिशोब मी तपासणार होतो का?

पाहुणे यायच्या दोन दिवस आधीची सकाळ. सात सांध्यांच्या फळ्या काढल्या होत्या, डांबर भरायचं बाकी होतं. मी पालांपाशी आलो तर तिथले दोन सांधे गायब. फटींत सिमेंटचा गिलावा भरून हातानं इतका गुळगुळीत केला होता, की वाकून पाहिल्याशिवाय दिसू नये. कडेला पाच बोटांची नक्षी, सारवलेल्या जमिनीवर उठवतात तशी. रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्याचा उरलेला माल त्या बायांनी आपल्या मनानं तिथं भरला होता.

"आक्का, हे काय केलं?"

"भेग हुती की," ती म्हणाली. आवाजात अभिमान होता. "ठेकेदाराची मानसं तशीच टाकून गेली. पावनं येनार, आन् रस्ता असा फुटका दावायचा व्हय? भेगंत इचू बसतो. पोरंबाळं अनवानी जात्यात हितनं."

ज्या घरांत जमिनीला केसाएवढी चीर पडली तरी त्याच दिवशी शेणाचं बोट फिरतं, त्या घरांतल्या या बाया. बोटभर फट उघडी ठेवून जाणं त्यांच्या हातांना जमणारच नव्हतं. मी तिला सांगितलं, ही भेग नाही, मुद्दाम ठेवलेली जागा आहे. उन्हाचं सांगितलं, लांबण्याचं सांगितलं. तिला समजायला दोन मिनिटं लागली.

"मंग हे आदी सांगायचं न्हाय?" ती म्हणाली. "जगातल्या रस्त्याचं लई सांगितलंसा. ह्या भेगंचं कोनी सांगितलं न्हाय."

तिनं लगेच छिन्नी मागितली. मी म्हणालो, थांबा, साहेबांना विचारतो. साहेब मंडपाचे खांब बघत होते. ऐकून हसले. म्हणाले, "राहू दे. नंतर डांबर भरताना छिन्नीनं काढू. आता खणाखणी नको." मी परत येऊन आक्काला सांगितलं की साहेब राहू दे म्हणाले. तिनं छिन्नी परत पाटीत टाकली.

पाहुणे आले, फीत कापली, गेले. डांबर भरायला कुणी आलं नाही. आक्काची टोळी शेजारच्या मोऱ्यांच्या कामावर राहिली.

वैशाखात एका दुपारी खाणीत सुरुंग उडावा तसा आवाज झाला. मी झोपडीवजा कचेरीतून पळत बाहेर आलो. रस्त्याच्या मध्यावर काँक्रीटचे दोन तुकडे एकमेकांना ढकलून वर उठले होते, घराच्या छपराच्या दोन पाख्यांसारखे, चांगले गुडघाभर. अलीकडे एक एस.टी. उभी, कंडक्टर खाली उतरून डोक्याला हात लावून बघतोय. मी आधी नकाशा आणला, मग टेप. उठलेली जागा नकाशातल्या सातव्या सांध्याची होती. तो सांधा केलेलाच नव्हता. बायांनी भरलेले दोन सांधे तिथून दीड फर्लांगावर. तिथं गिलाव्याचा चुरा झाला होता आणि कडेचे दोन टवके उडाले होते, बाकी काँक्रीटची फरशी जागच्या जागी. उठलेले तुकडे पुढे फोडून तिथं खडी दाबली; एस.टी.ला दणका बसतो तो तिथंच.

साहेब जीपनं आले. उठलेल्या कडेपाशी उकिडवे बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिही. जे पाहिलंस ते सगळं लिही. काही लपवू नकोस. चौकशी येईल."

हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकायला आसुसलो होतो. मी चार पानं लिहिली. पहिल्यावर उठलेली जागा, वेळ, मापं. दुसऱ्यावर न केलेले पाच सांधे आणि ते वगळायला कुणी सांगितलं ते. तिसऱ्यावर, पाणी घालणाऱ्या टोळीतल्या बायांनी दोन सांधे गिलाव्यानं भरले. चौथ्यावर नकाशा आणि निष्कर्ष: फरशी उठली ती सांधा नसलेल्या जागी, भरलेल्या सांध्यांशी तिचा संबंध नाही. आणि भरलेले सांधे उकरू नका असं सांगण्यात आलं होतं.

तिसरं पान मी का लिहिलं? लपवू नकोस म्हणाले म्हणून. आणि मला वाटलं, खरं ते सगळं खरं, आपल्या माणसांचं झाकायचं आणि साहेबांचं उघडं करायचं हा न्याय नाही. प्रत्येक पानाला वर मथळा दिला, 'काँक्रीटची फरशी उठल्याबाबत अहवाल'. प्रत्येक पानाखाली पूर्ण सही केली. पानांवर आकडे घातले नाहीत. पत्रकाला पानाचा आकडा नसतो. प्रत्येक पान एकटं उभं राहील असं लिहिलं, लहानपणापासूनच्या सवयीनं. मग टाचणी लावून ती साहेबांच्या हातात दिली. त्यांनी उभ्यानंच वाचली. पाठीवर थाप मारली. म्हणाले, "बापाचं वळण आहे."

तीन आठवड्यांनी साइटच्या कचेरीबाहेर फळ्यावर एक हुकूम लागला. आक्कानं मला हाक मारली. चौदाच्या चौदा बाया तिच्यामागे उभ्या होत्या.

"वाचा की कागदवालं. ठेकेदाराचा मानूस म्हंतो, तुमचंच अक्षर हाय."

हुकूम टाइप केलेला होता. चौकशीत असं आढळून आलं की मजूर टोळीनं हलगर्जीपणे सांधे बुजवल्यामुळे फरशी उठली. सदर टोळीला तत्काळ कामावरून कमी करावं. जिल्ह्यातल्या रस्त्याच्या कुठल्याही कामावर घेऊ नये. पुरावा सोबत जोडला आहे.

सोबत माझं पान होतं. तिसरं. वर मथळा, खाली सही, पुरं. 'काँक्रीटची फरशी उठल्याबाबत अहवाल', आणि त्याखाली, बायांनी दोन सांधे गिलाव्यानं भरले.

आक्का म्हणाली, "मोट्यानं."

मी मोठ्यानं वाचलं. भाकरीच्या वेळी ज्या आवाजात वाचायचो, तो आवाज निघेना. तरी खालच्या सहीपर्यंत वाचलं. मग आक्का म्हणाली, "खोटं कायबी न्हाय त्येच्यात. भरलं हुतं आमी."

"आक्का, अजून तीन पानं होती."

"त्येच्यात काय हुतं?"

मी सांगितलं. ती ऐकत राहिली. मधेच मागची एक म्हातारी म्हणाली, "तीन हरवली आन् आमचंच तेवडं सापडलं व्हय?"

आक्कानं विचारलं, "छिन्नी मी मागितली हुती, ते कुटल्या पानावर हाय?"

"चौथ्यावर," मी म्हणालो. आणि म्हणताना आठवलं, की चौथ्या पानावर मी 'सांगण्यात आलं होतं' एवढंच लिहिलं होतं. छिन्नी लिहिली नव्हती. तिनं ती स्वतः मागितली होती, हे कुठल्याच पानावर नव्हतं.

"तुज्यावर राग न्हाय," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिनं मला अरेतुरे केलं होतं. "पर माज्या हातचं काम कोनी वाईट म्हनलं न्हाय आजपातुर. आता म्हनलंय, आन् तुज्या अक्षरात."

त्या दिवशी पालं उठली.

मी शहरातल्या कचेरीत गेलो. साहेबांनी चहा मागवला.

"काका, चार पानं होती."

"इथं साहेब म्हण."

"साहेब, चार पानं होती."

"चौकशीवाल्यांकडे एक पोचलं."

"टाचणी लावली होती."

"टाचणी निघते, लेका." त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. "दुसरं पान गेलं असतं तर मी गेलो असतो, ते सोड. काँक्रीट गेलं असतं. वरच्यांना निमित्तच हवंय. म्हणतील आराखडाच चुकला, करा पुन्हा डांबर. दिवाळीनंतर पुढचा तुकडा आहे, दहापट लांब. तो वाचला पाहिजे. बायकांचं काय, खडी फोडायला कुठंही लागतात माणसं."

"त्यांच्या नावावर शेरा आहे."

"शेरे वाचतं कोण?"

"मी वाचतो. तुमच्याच कागदांवर शिकलो वाचायला."

त्यांनी कपाटाकडे पाहिलं. मला वाटलं, आता उठतील, कपाट उघडतील. ते म्हणाले, "तुझ्या त्या पानात खोटा शब्द कोणता आहे, तेवढं दाखव. एकच दाखव."

खोटा शब्द त्यात एकही नव्हता. चहावर साय धरली होती.

"पुढच्या तुकड्यावर तुला कायम करून घेतो," ते म्हणाले.

राजीनामा एका ओळीचा होता. त्याच्यावर मी 'एकूण पान एक' असं लिहिलं. कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं, पण विचारलं नाही.

मग मी उरलेली तीन पानं आठवून पुन्हा लिहिली. मापं माझ्या वहीत होती. या वेळी छिन्नीही लिहिली. त्याच कारकुनाकडे नेली. तो म्हणाला, "हे आता खात्याबाहेरच्या माणसाचं लिखाण झालं. मूळ अहवाल फायलीत आहे."

"मूळ अहवाल चार पानांचा होता."

"फायलीत एका पानाचा आहे. म्हणजे तो एका पानाचा." त्यानं पानं परत दिली. मी दारापर्यंत गेल्यावर तो कागदांकडे बघतच म्हणाला, "टपालानं आलेलं मात्र आम्हाला आवक वहीत चढवावंच लागतं. पोस्टकार्ड असलं तरी. आणि चढवलं की पुढचा उत्तराचा रकाना कुणाला तरी भरावा लागतो."

संध्याकाळी वडिलांना सगळं सांगितलं. ते खिळे जुळवत होते, हात थांबला नाही. ओळ पुरी करून म्हणाले, "चूक माझी. मोर्चात वाटायचा कागद वेगळा आणि कचेरीत द्यायचा वेगळा, एवढं सांगायचं राहून गेलं." रविवारी काका आले नाहीत. त्यांच्या कपाचा कान तुटला होता, वडील तरी तो फेकून देत नव्हते. त्या रविवारी त्यांनी त्यात खळ कालवली.

आक्काची टोळी आता केम गावाच्या बाजूला शेतांवर राबते. मागच्या महिन्यात मी तिकडे जाऊन आलो. तिनं पाणी दिलं, चौकशी केली, वडिलांची तब्येत विचारली. निघताना म्हणाली, "दिवाळीनंतर पुढचा तुकडा सुरू हुतोय म्हंत्यात. आमाला घेत्यात का इचार. न्हायतर ऱ्हाऊ दे. पर ते हलगर्जी तेवडं पुसाया सांग." मग पाण्याचा तांब्या उचलत, "भेग मोकळी ठिवायची, हे आता आमाला म्हाईत हाय. नव्या बायास्नी कोन सांगंल?"

मी एकटा विचारून झालो आहे. आता तुम्ही विचारा.

हे वाचून झाल्यावर एक पोस्टकार्ड घ्या. पत्ता फार लागत नाही. 'रस्त्याची कचेरी, सोलापूर' एवढं लिहिलं तरी आमचा पोस्टमन पोचवतो. मजकूर दोनच ओळी: 'पांढऱ्या रस्त्याच्या अहवालाचं पहिलं, दुसरं आणि चौथं पान कुठं आहे? बार्शीकडच्या चौदा बायांवरचा शेरा कधी पुसणार?' खाली तुमचं नाव आणि गाव. शिवी घालू नका, घोषणा लिहू नका, माझं नाव काढू नका. दुसऱ्याला लिहायला सांगितलंत तर त्याला हेही सांगा, की का लिहायचं. न सांगता कामाला लावल्यावर काय होतं, ते आपण पाहिलं.

आणि कार्डाच्या कोपऱ्यात आकडा घाला. एक पैकी एक. म्हणजे आवक वहीत चढवणाऱ्याला, यात अजून काही होतं का, अशी शंका यायला नको.